साध्या कपड्यातली उर्वशी

आमच्या गावात पोलीस ठाण्यासमोर, रस्त्याच्या या अंगाला, माझं शिवणकामाचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, एक पिको-फॉलचं, एक कपाट, आणि मागच्या कोपऱ्यात तारेवर टांगलेला फुलाफुलांचा पडदा. ठाण्यातल्या निम्म्या वर्द्या माझ्याच हाताखालून जातात. कोणाचं पोट सुटलं आणि कोण बदलीच्या धास्तीनं वाळला, हे ठाणेदारांच्या आधी मला कळतं. कुंताबाईची जीभ कात्रीसारखी चालते असं लोक म्हणतात. चालू दे. बोथट कात्रीनं कापड कुरतडलं जातं.

उर्वशी मारबते पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा शिवायला काहीच आणलं नव्हतं. अंगावर खाकी, हातात कापडी पिशवी. म्हणाली, बाई, जरा वेळ तुमचा पडदा द्या. आत गेली ती पोलीस शिपाई, आणि बाहेर आली ती पिवळ्या पंजाबी ड्रेसातली, वेणी मोकळी सोडलेली, पायात रबरी चपला घातलेली एक साधी बाई. मला वाटलं, ड्यूटी सोडून कोणाच्या साक्षगंधाला चालली. तसं मी तोंडावर म्हटलंही. ती हसली नाही. एका लेकराशी बोलायला जायचं आहे, म्हणाली, आणि लेकराशी बोलताना वर्दी घालायची नसते. ठाण्यात बायांना कपडे बदलायला धड जागा नव्हती, म्हणून माझा पडदा.

तेव्हापासून तो पडदा तिचाच झाला. पिवळा ड्रेसही माझ्या कपाटात राहू लागला.

उर्वशी ढिवराची. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, काठच्या गावची. बाप जाळं टाकायचा, माय डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासोळी विकायची. तिच्यामागं पळून पळून हिचे पाय असे झाले की भरतीत ती सगळ्यांच्या पुढं धावली. नवरा प्रफुल मोहर्लीला जिप्सी चालवतो, पर्यटकांना वाघ दाखवतो. ती म्हणायची, हा साऱ्या दुनियेले वाघ दाखवते अन् घरी येते शेळीवानी. स्वभावानं गोड वगैरे अजिबात नाही. ऑटोवाले तिला टरकून असतात. गावात वाघानं माणूस नेला की जमाव भडकतो, वनखात्याच्या गाड्या अडवतो. तेव्हा ठाणेदार हिलाच पुढं करतात, कारण हिच्या एका शिवीत चार लाठ्यांचं काम होतं. पण लेकरू समोर आलं की तिचा आवाज कुठं जातो कोण जाणे. इतका खाली येतो की माझं मशीन थांबवल्याशिवाय ऐकू येत नाही.

नागपूरला तिचं एक प्रशिक्षण झालं होतं, मारहाण, खून पाहिलेल्या लेकरांशी कसं वागावं याचं. तिथून येताना ती रंगाच्या कांड्या आणि कापडी बाहुली घेऊन आली. ठाण्यातल्यांना आयतंच सापडलं. एखाद्या प्रकरणात लेकरू असलं की हाक यायची, बोलवा रे मॅडमची बालवाडी. ती ऐकून घ्यायची आणि मग एकेकाचं असं काही काढायची की तो आठवडाभर गप्प. बाहुलीचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. आमच्याकडच्या पोरींनी तसल्या गुलाबी गालांच्या बाहुल्या पाहिलेल्याच नसतात. उपयोग झाला तो उर्वशीच्या बापाच्या विद्येचा. पिशवीत ती एक फाटकं जाळं आणि बांबूची सुई ठेवायची. लेकराच्या घरी जायचं, जमिनीवर बसायचं, त्याच्या समोर नाही, शेजारी. आणि जाळं सांधत राहायचं. विचारायचं काहीच नाही. समोर बसलं का लेकरू आपल्या तोंडाकडं पाहते, ती सांगायची, शेजारी बसलं का हाताकडं पाहते. हळूहळू लेकरू दोरा धरतं. मग टोक ओढून देतं. मग कधीतरी बोलतं. एकच गोष्ट दहा माणसांनी दहादा विचारली की लेकरू दहादा मार खातं, हे तिचं ठरलेलं वाक्य. साहेबांनाही ते पाठ झालं होतं.

आता ती गोष्ट.

दिवाळी झाली होती, धान कापणीला आलं होतं, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या भागातल्या सगळ्या बचत गटांचा मिळून मोठा मेळावा भरला. त्यासाठी गटांनी एकाच व्यापाऱ्याकडून एकसारख्या साड्या घेतल्या, जांभळ्या, पिवळ्या काठाच्या. फॉल-पिको सगळं माझ्याकडं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडंतिकडं जांभळं. मेळाव्याच्या दिवशी बसस्टँडवर पाहावं तर पाठमोरी बाई आपली बहीण की शेजारीण, ओळखू येईना.

त्या मेळाव्याहून घरी परतलेल्या दामिनी नावाच्या बाईला त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं कुऱ्हाडीनं मारून टाकलं.

नवऱ्याचं नाव वारलू. गाव इथून जंगलातल्या रस्त्यानं आत, तलावाच्या काठावर. वारलू दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. बायको गटाची सचिव झाली, बँकेत जाऊ लागली, सभेत उभी राहून बोलू लागली, आणि याच्या डोक्यात किडा शिरला. एवढंच. पोलीस पोचले तेव्हा तो पळाला होता, त्याचे भाऊ सांगत होते की ती माळ्यावरून पडली. शेजाऱ्यांनी प्रेतावर वाकळ टाकली होती. उर्वशीला घरात कोणाचा तरी श्वास ऐकू आला. धान ठेवायच्या बांबूच्या ढोलीमागं सहा वर्षांची पोर बसली होती, रोशनी, त्यांची एकुलती एक. उर्वशीनं तिचं तोंड आपल्या खाकी खांद्यात दाबलं आणि तिला बाहेर नेलं. तिचं सगळं लक्ष पोरीचे डोळे झाकण्यात होतं. प्रेताचा पंचनामा दुसऱ्यांचं काम होतं. वाकळीखाली काय आहे ते तिनं पाहिलं नाही, पाहण्याचं कारणही नव्हतं.

वारलू दुसऱ्या दिवशी सापडला. कुऱ्हाड धुतलेली होती. शेजाऱ्यांनी ओरडणं ऐकलं होतं, पण ठाण्यात आल्यावर सगळ्यांचे कान एकदम बहिरे झाले. पाहणारं माणूस एकच, आणि ते बोलत नव्हतं. रोशनी ठाणेदारांशी बोलली नाही, डॉक्टरीणबाईंशी बोलली नाही, बाल कल्याण समितीच्या बाईंशीही नाही. समितीनं तिला आईच्या आईकडं, नीलाबाईकडं ठेवलं. नीलाबाईचं घर त्याच तलावाच्या पलीकडच्या काठावर. दारात उभं राहिलं की पाण्यापलीकडं वारलूचं घर दिसतं. तिथंही पोर गप्प. जेवायची, झोपायची, आजीच्या मागं मागं फिरायची, पण शब्द नाही. नीलाबाई म्हणायची, पोट्टीच्या तोंडाले कुलूप लागलं, अन् चाबी तं माही लेक घेऊन गेली.

उर्वशी जात राहिली. पिवळा ड्रेस, जाळं, बांबूची सुई. काही दिवसांनी रोशनी जाळ्याचं टोक धरून बसू लागली. तोंड मिटलेलंच.

आमचे ठाणेदार बाहेरगावचे, माणूस वाईट नाही. पण वरून रोज विचारणा व्हायची. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र गेलं नाही तर वारलू आपसूक सुटणार, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याचा जबाब नसेल तर गेलेलं दोषारोपपत्रही लंगडं. तो सुटला तर कुठं येणार? तलावाच्या अलीकडं किंवा पलीकडं. हे सगळं उर्वशीला कोणी सांगायची गरज नव्हती. ती दुकानात आली की स्टुलावर बसून नुसती नखं खायची.

मग तिच्या मनात आलं की चूक ड्रेसची आहे. त्या गावात रोशनीच्या आईच्या वयाची एकही बाई पंजाबी ड्रेस घालत नाही. घालते फक्त सुई टोचणारी नर्सबाई. पोर घाबरणार नाही तर काय होईल? आपण घरच्या बाईसारखं जायला पाहिजे. तिच्या स्वतःच्या साड्या लग्नाकार्यातल्या, चमकीच्या. म्हणून तिनं भावजयीकडून रोजच्या वापरातली एक मागून आणली. भावजय गटात होती. साडी जांभळी, पिवळ्या काठाची.

निऱ्या मीच धरल्या. वर्दीवाल्या बाईला निऱ्यांची सवय राहत नाही, एक वर एक खाली. वर्दीपेक्षा बरी दिसतेस, असं मी म्हटलं, आणि तिनं माझ्या आरशात स्वतःला वळून वळून पाहिलं. आम्हा दोघींच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. त्या हंगामात ती साडी दर दुसऱ्या घरात होती. दारावरचं तोरण जसं रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही, तशी ती आम्हाला दिसेनाशी झाली होती.

ऊन कलायच्या आधी ती परत आली. ठाण्यात गेली नाही, तडक पडद्याआड गेली. साडी तारेवरून बाहेर येऊन पडली. मी वाट पाहिली, पण ती बाहेर येईना. मग आतूनच तिनं सांगायला सुरुवात केली, मला दिसत होते ते फक्त पडद्याखालचे तिचे पाय.

रोशनी अंगणात बसली होती. उर्वशीला पाहून उठली. धावली नाही, चालत आली. तिनं साडीच्या निऱ्या हातात घेतल्या, एकेक उलगडून आतून-बाहेरून पाहिली. पदर खाली ओढला, तोही पाहिला. मग मान वर करून विचारलं,

"आई, रगत कसं काढली?"

नीलाबाईनं पदर तोंडात कोंबला. उर्वशीला तेव्हा कळलं की वाकळीखाली काय होतं. मी तुझी आई नाही, हे तिच्या तोंडून निघालं नाही. मी तुझी आई, हेही निघालं नाही. ती नुसती खाली बसली. रोशनीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बोलत सुटली, इतक्या दिवसांचं साचलेलं. बाबानं कुऱ्हाड वर केली तेव्हा तू माझ्याकडं पाहिलं होतं ना, म्हणाली. तू म्हणाली होती चूप राय, ढोलीमागून निंघू नोको. मी निंघली नाई. मी कोणाशीच बोलली नाई. आता बोलू का?

एवढं सांगून उर्वशी पडद्याआड रडली. मी मशीन चालू केलं, म्हणजे रस्त्यावर आवाज जाणार नाही. रिकाम्या सुईनं मी एक अख्खी चिंधी शिवली.

उर्वशी लपवणाऱ्यातली नाही. वर्दी चढवून ती लगेच ठाणेदारांकडं गेली आणि घडलं तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, असं ती म्हणाली. त्यांनी सांगितलं, उद्या तीच साडी नेसून जा, कॅमेरा मी देतो. पोरगी विचारतेय ना बोलू का म्हणून, तर म्हण बोल. दोन वाक्यांत काम होईल. हिनं नाही म्हटलं. मग दोघांचं भांडण लागलं, ते रस्त्याच्या या अंगालाही ऐकू येत होतं. शेवटी साहेब म्हणाले, खुनी सुटला तर पोरीच्या दारात येईल, तेव्हा तुझं प्रशिक्षण आडवं घाल.

खरं सांगते, मला साहेबांचंच पटलं. मी तिला दुकानात धरून सुनावलं. म्हटलं, एका दिवसाची साडी ती, त्यात असं काय जातं? पोर तर आपण होऊन आई म्हणते आहे. तुझा तो नियम धुऊन पी, इकडं वारलू सुटून येईल. मी बरीच बोलले, आणि चढ्या आवाजात बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कुंताबाई, तिची माय एकडाव मेली," ती म्हणाली. "मी ते साडी नेसून गेलो, तं जितक्या डाव मी उठून परत येईन, तितक्या डाव ते मरन."

मी ती साडी घडी घालून कपाटात ठेवली. पण राग गेला नाही, हेही खरं.

दोन दिवसांनी नीलाबाईचा निरोप आला. पोर दारातून हलत नाही, आईची वाट पाहते, आई आल्याशिवाय घास घेत नाही. म्हणजे साडी एकदाच नेसली तरी व्हायचं ते होऊन बसलं होतं. आता ते निस्तरणार कोण? उर्वशीनं त्यावर जे केलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं मला वाटत नाही. ती खाकीत गेली. तिचं म्हणणं, पोरीनं पहिल्यांदा मला खाकीतच पाहिलं, खाकीनंच तिला बाहेर काढलं. आणि खाकीला कोणी आई समजत नाही. नीलाबाईला आणि रोशनीला ती माझ्या दुकानात घेऊन आली.

दुकानात त्या वेळी गटाच्या चार-पाच बाया बसल्या होत्या. मेळाव्यात साड्या आखूड-लांब झालेल्या, कोणाचा फॉल निघालेला, कोणाचं ब्लाउज तंग. एकदोघींनी तीच साडी नेसलेली, बाकीच्या माझ्या टेबलावर घड्या घालून ठेवलेल्या. उर्वशीनं बायांना आधीच सांगून ठेवलं होतं की कोणी काही बोलायचं नाही, च्च च्च करायचं नाही. बाया कसल्या गप्प बसतात, पण त्या दिवशी बसल्या. उर्वशी रोशनीच्या देखत पडद्याआड गेली, पिवळ्या ड्रेसात बाहेर आली. पुन्हा आत गेली, जांभळी साडी नुसती वर्दीवरून गुंडाळून बाहेर आली, म्हणजे खालची खाकी दिसत राहील. मग ती साडी पोरीसमोर काढून टेबलावरच्या ढिगात ठेवली.

रोशनी ढिगाजवळ गेली. एकेका साडीवर हात ठेवला. मग बसलेल्या बायांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं.

"यातली माही आई कोणती?" तिनं विचारलं.

उर्वशी तिच्याजवळ जमिनीवर बसली. "यातली कोणतीच नाई, बेटा. तुही आई मेली. मी पोलीस होय. त्या दिवशी मी तिच्यावानी साडी नेसून आलो, ते माही चूक झाली."

पोर रडली नाही. तिनं विचारलं, मग आईची साडी कुठी आहे? उर्वशी म्हणाली, आमच्याजवळ, जपून ठेवली. त्यात रगत आहे? आहे. असा सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर. मी असते तर दहा थापा मारल्या असत्या. मग रोशनी म्हणाली, तिनं मले चूप राय म्हणलं होतं. उर्वशी म्हणाली, तू वाचावी म्हणून म्हटलं होतं, आणि तू वाचली. तिचं काम झालं. आता बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाही.

त्यावर पोर आजीच्या कुशीत शिरली आणि तोंड पुन्हा मिटून घेतलं. माझ्या मनात आलं, घ्या, आता बसा.

झालंही तसंच. उर्वशी जायची, जाळं सांधायची, विचारायची नाही. मुदतीचे दिवस भरत आले. साहेबांनी हाताशी होतं तेवढ्यावर दोषारोपपत्र पाठवलं. उन्हाळ्यात वारलूला जामीन मिळाला. तलावाच्या काठच्या गावांत पाऊल टाकायचं नाही अशी अट होती, पण आठवडी बाजारात तो उजळ माथ्यानं वांगी घेताना दिसायचा. नीलाबाईनं दिवसाही दाराला कडी लावायला सुरुवात केली. लोक उघड म्हणू लागले की उर्वशीच्या हट्टापायी खुनी सुटला. कोणी म्हणायचं, ढिवराची पोर, गळ टाकून बसली, मासा गेला निघून. माझ्या दुकानात येऊन म्हणायचे. मी त्यांना हाकललं, पण आतून मीही तेच म्हणत होते. उर्वशीची वर्दी मी त्या उन्हाळ्यात दोनदा आवळली. जेवणाचा डबा ती तसाच परत न्यायची. एकदा मला म्हणाली, बाई, मी खरंच चुकलो असन तं? मी म्हटलं, मले नाई माहीत. खोटा धीर द्यायला मन झालं नाही.

पाऊस तोंडावर आला, तलावाच्या काठी जाळी दुरुस्त करायचे दिवस आले, तेव्हा रोशनी बोलली. नीलाबाईच्या अंगणात, हातात दोरा धरून, जाळ्याकडं पाहत. बाबा काय म्हणाला, आई काय म्हणाली, कुऱ्हाड कुठून काढली, कुठं धुतली. उर्वशीनं हात थांबवला नाही, सांधत राहिली, कारण हात थांबला तर पोर थांबेल. सगळं संपल्यावर रोशनीनंच विचारलं, हे अजून कोणाले सांगू? तेव्हा तिला दंडाधिकारी बाईंसमोर नेलं. तिनं तिथं एकदाच सांगितलं. उर्वशी बाहेर बाकावर बसली होती. वारलूचा जामीन रद्द करावा म्हणून सरकारी वकिलांनी अर्ज केला, त्याची तारीख पुढं पुढं जात राहिली.

खटला यंदा उभा राहिला, चंद्रपूरला. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी उर्वशीला समजावलं की पोरीकडं कशी गेलीस असं विचारलं तर साध्या कपड्यात म्हण. साडी हा साधाच कपडा आहे, त्यात खोटं काही नाही. मीही तेच म्हटलं. वारलूच्या वकिलाच्या कानावर गावातून साडीची कुणकुण गेली होती. ते त्याच्या हातात आपण होऊन द्यायचं म्हणजे स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं.

"रोशनीले विचारतीन तं ते खरं सांगन," उर्वशी म्हणाली. "मंग आम्हा दोघीतली खोटी कोण ठरन? पोलीस तं ठरत नाई."

आणि तिनं कोर्टात सगळं सांगितलं. साडी, निऱ्या, आई म्हणून मारलेली हाक. वकिलाला आनंदाचं भरतं आलं. त्यानं मुद्दा धरला की ही पोर भ्रमात आहे, मेलेल्या बाईसारख्या साडीत आलेल्या पोलीसबाईला आई समजून तिनं पढवलेलं ही बोलते. हिची साक्ष धरू नये. त्या संध्याकाळी उर्वशी दुकानावरून गेली, माझ्याकडं पाहिलंही नाही.

पुढच्या तारखेला रोशनीची साक्ष होती. मी गेले नव्हते. जे झालं ते पोरीजवळ बसायची परवानगी मिळालेल्या नीलाबाईनं मला सांगितलं. तिथंही एक पडदा होता, वारलू तिला दिसू नये म्हणून. लहान लेकराला साक्षीआधी न्यायाधीश साधेसुधे प्रश्न विचारतात, नाव काय, शाळा कोणती, खरं म्हणजे काय. ते झाले. मग वारलूच्या वकिलाच्या सांगण्यावरून उर्वशीला आत बोलावलं. ती वर्दीत होती. न्यायाधीशांनी रोशनीला हळू विचारलं, ही बाई कोण आहे बेटा, ही तुझी कोण लागते?

रोशनीनं टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं.

"हे पोलीस होय," ती म्हणाली. "माही आई मेली. हिनंच मले सांगतलं."

आणि मग तिनं साक्ष दिली. मधेच पाणी मागितलं, पिऊन पुन्हा सुरुवात केली. वकिलानं फिरवून फिरवून विचारलं, पण साडीचा प्रश्न त्यानं पुन्हा काढला नाही.

निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते सांगायला मी कोण? वारलू अजून बाहेरच आहे, आणि नीलाबाईच्या दाराची कडी अजून दिवसाही लागलेली असते. साक्षीच्याच संध्याकाळी नीलाबाई हे सगळं सांगत होती तेव्हा रोशनी माझ्या टेबलाखाली बसून चिंध्या निवडत होती, शाळेच्या फ्रॉकचं माप द्यायला आणली होती तिला. जांभळी चिंधी हाताला लागली ती तिनं बाजूला ठेवली, बाकीच्या घेतल्या. सात वर्षांच्या पोरीला आपली आई मेली हे चारचौघांत, न अडखळता सांगता यावं, यासाठी एका बाईनं एवढी नाचक्की सोसली, आणि मी तिला नावं ठेवत बसले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

तेवढ्यात उर्वशी आली. कोर्टातून सरळ आली होती, अंगावर इस्त्रीची वर्दी. तिनं रोशनीच्या डोक्यावरून हात फिरवला, मला म्हणाली, बाई, जरा पडदा द्या, आणि आत गेली. मी मागच्यासारखंच मशीन चालू केलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती तशीच, वर्दीतच. हातात पिशवी नव्हती, आणि पिवळा ड्रेस माझ्या कपाटातच होता, तिनं तो मागितलाच नव्हता.